मायकेलिया की मॅग्नोलिया? सोनचाफ्याच्या पाटीवर काय लिहायचं?

कळंबेकर (धागाकर्ते)

मंडळी, नमस्कार. आमच्या कॉलनीच्या बागेतल्या झाडांना नावाच्या पाट्या लावायचं ठरलंय. वर्गणी निघाली, पत्रे कापून झाले, पेंटरला ॲडव्हान्स गेला आणि घोडं अडलंय ते चाफ्यांपाशी. वड, करंज, ताम्हण यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. सोनचाफ्यानं मात्र कमिटीत दोन तट पाडलेत.

कमिटीतले एक निवृत्त सर म्हणतात, "मायकेलिया चंपाका. बी.एस्सी.ला हेच शिकलो, आयुष्यभर हेच शिकवलं." माझी लेक मोबाइलवरचं ॲप दाखवते, त्यात मॅग्नोलिया चंपाका. गावातल्या दोन बागांमध्ये जाऊन पाट्या बघून आलो. एकीकडं हे, दुसरीकडं ते. बरं, दोन्ही पाट्या नव्याकोऱ्या.

आमच्याकडं दोन सोनचाफे आहेत, एक पांढऱ्या फुलांचा आहे त्याला माळी 'पांढरा सोनचाफा' म्हणतो, एक कवठी चाफा आणि फाटकाशी देवचाफा. हे सगळे एकाच घराण्यातले का? आणि सोनचाफ्याचं खरं नाव कुठलं? पेंटर रोज फोन करतोय.

पेठेतला_गडी

भावा, 'सोनचाफा' एवढंच लिही आणि विषय संपव की. अंबाबाईच्या देवळाबाहेर फुलवाली मावशी लॅटिन विचारतीया व्हय?

फक्त पाटी झाडाला खिळ्यानं ठोकू नका. बुंध्याशेजारी लोखंडी पाइप रोवून त्यावर बसवा. आमच्या पेठेत एका लिंबाला एवढे खिळे होते की भंगारवाल्यानं वजन केलं असतं.

वर्गिका

कळंबेकर, खिळ्यांबद्दल गडी म्हणतात ते सोळा आणे खरं. आता नावाचं.

आधी झाडापाशी जा. सोनचाफ्याची कोवळी फांदी हातात धरा. प्रत्येक पानाच्या बुडाशी फांदीभोवती एक पूर्ण गोल रेघ दिसेल. नवं पान कळीत असतं तेव्हा ते एका टोपीत गुंडाळलेलं असतं. ही टोपी म्हणजे उपपर्णं. पान उलगडलं की ती गळते आणि हा गोल वण मागं राहतो. कवठी चाफ्यालाही हेच दिसेल, हिमचाफ्यालाही (अमेरिकेतला मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा). ही मॅग्नोलिया कुळाची खूण. आता फाटकाजवळच्या देवचाफ्याचं पान तोडा. पांढरा चीक येईल, गोल वण नाही. तो करवंद-कण्हेरीच्या कुळातला आणि मूळचा अमेरिकेतला. म्हणजे तुमच्या बागेत चार झाडं एका घराण्यातली आणि देवचाफा परका.

मॅग्नोलिया आणि मायकेलिया ही दोन्ही नावं लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १७५३ च्या 'स्पीशीज प्लांटारम'मध्ये आहेत, तीही लागोपाठच्या पानांवर, ५३५ आणि ५३६. मॅग्नोलिया हे फ्रान्समधल्या माँपेलियेच्या प्येर मॅग्नोलवरून (१६३८–१७१५). वनस्पतींची 'कुळं' करायची कल्पना १६८९ मध्ये पद्धतशीर मांडणारा तो हाच. मायकेलिया हे फ्लॉरेन्सच्या मिकेलीवरून (१६७९–१७३७). हा गडी खरा बुरशीतला. ॲस्परजिलस हे बुरशीचं नाव त्यानंच १७२९ मध्ये दिलं. भाकरीवरच्या काळ्या बुरशीवाल्याचं नाव सोनचाफ्याला, हे मला वर्गात सांगायला फार आवडतं.

दोन वेगळ्या प्रजाती का मानल्या? (प्रजाती म्हणजे नावातला पहिला शब्द, दुसरा शब्द तिच्यातल्या जातीचा.) हिमचाफ्याचं फूल फांदीच्या शेंड्याला येतं. सोनचाफ्याचं पानाच्या बगलेत येतं. शिवाय सोनचाफ्याच्या पाकळ्या आणि पुंकेसर काढून टाकले, तर मधल्या स्त्रीकेसरांच्या झुबक्याखाली एक बारीक दांडा दिसतो. हिमचाफ्यात तो नसतो. हे फरक खरे आहेत, कुणीही नखानं सोलून बघावेत.

तरीही आज बहुतेक जागतिक याद्या, लंडनच्या क्यू उद्यानाची धरून, मॅग्नोलिया चंपाका लिहितात. का, ते संध्याकाळी. आता कॉलेज आहे.

शंकासुर

ताई, संध्याकाळची वाट न बघता मीच सांगतो. डीएनए आला आणि अडीचशे वर्षांचं मोडीत निघालं. उद्या आणखी नवं मशीन येईल, पुन्हा नाव बदलेल. कळंबेकर, पाटी ऑइलपेंटनं नको, खडूनं लिहा.

नर्सरीवाला_बावडा

आमच्याकडं गिऱ्हाईक येतं ते 'कलमी सोनचाफा द्या' म्हणतं. त्याला मायकेलिया म्हणा नाहीतर मंगेशकर म्हणा. पण मागवायची यादी करताना गोंधळ होतो खरा. एकच माल आंध्रातल्या एका नर्सरीच्या यादीत 'मायकेलिया' खाली आणि पुण्याच्या यादीत 'मॅग्नोलिया' खाली. नवीन पोरगं दुकानात बसवलं तर ते दोन वेगळी झाडं समजून दोन्हीकडं ऑर्डर देतंय.

वर्गिका

शंकासुर, तुमची शंका रास्त आहे, पण एक गंमत ऐका. 'मॅग्नोलिया चंपाका' हे नाव १८८० मध्ये छापलं गेलंय. तेव्हा डीएनए हा शब्दही नव्हता. बेयाँ नावाचे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकातच म्हणत होते की मायकेलिया वेगळी ठेवण्याइतका फरक नाही. त्यांचं ते नाव पिएर या दुसऱ्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं आजच्या व्हिएतनामकडच्या जंगलांवरच्या ग्रंथात छापलं. मग विसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियमच्या डँडी यांनी आयुष्य या कुळात घालवलं आणि त्यांची विभागणी सगळीकडं चालली. त्यात मायकेलिया वेगळी होती. सर शिकले ती ही डँडींची विभागणी. म्हणजे ज्याला आपण 'नवं' म्हणतोय ते १८८० सालचं आणि मधल्या काळात मागं पडलेलं.

आता फुलाच्या जागेचं. सोनचाफ्याचं फूल बगलेत येतं म्हटलं, पण त्याचा देठ भिंगाखाली धरा. देठावरही बारीक गोल वण दिसतात, फांदीवर होते तसेच. म्हणजे तो नुसता देठ नाही, ती एक अतिशय आखूड फांदीच आहे आणि फूल तिच्या शेंड्याला आलंय. अमेरिकेतल्या फिगलर यांनी २००० साली या फांद्यांच्या वाढीकडं बोट दाखवलं आणि २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या नोटेबूम यांच्यासोबत 'ब्लूमिया' या नियतकालिकात सगळ्या प्रजाती मॅग्नोलियात आणल्या. उरली ती फक्त ट्युलिप वृक्षाची लिरिओडेंड्रॉन, तिच्यात दोनच जाती. बाकी तीनशेच्या वर जाती मॅग्नोलिया.

डीएनएनं काय केलं? पारडं जड केलं. चीन-जपानकडचे, पानं फुटायच्या आधी फुलणारे मॅग्नोलिया आहेत ना, युलानिया गटातले, ते अमेरिकेतल्या हिमचाफ्यापेक्षा आपल्या सोनचाफ्याला जवळचे निघाले. मग युलानियाला मॅग्नोलिया म्हणायचं आणि सोनचाफ्याला नाही, हे बसत नाही.

पेठेतला_गडी

थांबा थांबा. म्हणजे एका वाड्यात तीन भाऊ. मधल्यानं आणि धाकट्यानं एकत्र चूल मांडलीया, थोरला लांब राहतोय. आणि आपण आडनाव कसं लावलंय, तर थोरला आणि मधला 'पाटील' आणि धाकटा 'चौगुले'. हे भावकीत टिकायचं नाही. एकतर तिघं पाटील, नाहीतर तिघांची तीन आडनावं.

वर्गिका

गडी, पुढच्या वर्षी माझा तास तुम्ही घ्या.

आणि हीच मेख आहे. 'तिघं पाटील' हा एक मार्ग, 'तिघांची तीन' हा दुसरा, आणि दोन्ही शास्त्रात बसतात. चीनच्या २००८ च्या फ्लोरात, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या नोंदग्रंथात, दुसरा मार्ग घेतलाय. तिथं या कुळाच्या १३ प्रजाती आहेत, त्यात मायकेलिया शाबूत. आणि त्या प्रकरणाच्या लेखकांत नाव कुणाचं? त्याच नोटेबूम यांचं, ज्यांनी चार वर्षांपूर्वी सगळं एकत्र केलं होतं! २०२० मध्ये हरितलवकांच्या (पानातल्या हिरव्या कणांच्या) अख्ख्या जनुकसंचावरून जी मांडणी आली, तिनं पुन्हा एकच मॅग्नोलिया ठेवून तिच्यात १५ विभाग पाडले. सोनचाफ्याचा विभाग तिथं 'मायकेलिया' याच नावाचा आहे, म्हणजे सरांचं नाव गेलेलं नाही, एक पायरी खाली उतरलंय.

तेव्हा कमिटीत हे सांगा: मायकेलिया ही चूक नव्हे, ते एक मत आहे. आज जास्त लोक दुसऱ्या मताकडं आहेत.

शंकासुर

'मत'! शास्त्रात मत कसं असतं? दोन अधिक दोनबद्दल कुणाचं मत असतं का? आणि एकत्रच करायचं होतं तर सगळ्यांना मायकेलिया का नाही म्हटलं? जुनं कुठलं ते बघायचं आणि मोकळं व्हायचं.

वर्गिका

जुनं कुठलं हे बघायचाच नियम आहे, प्राधान्याचा. पण इथं तो अडतो. वनस्पतींच्या नावांची सुरुवात १ मे १७५३ पासून धरतात, लिनियसच्या त्या पुस्तकापासून. ही दोन्ही नावं त्याच पुस्तकातली, म्हणजे एकाच तारखेची. अशा वेळी नियम सांगतो की दोन्ही पहिल्यांदा एकत्र करून ज्यानं एक नाव निवडलं, त्याची निवड कायम. ती पडली मॅग्नोलियाच्या बाजूनं.

मत आणि नियम यातला फरक तुमच्याच प्रश्नात आलाय. सोनचाफा आणि हिमचाफा एका प्रजातीत घालायचे का, हे मत; पुरावा बघून माणसं ठरवतात. एकदा घातले की नाव कुठलं लागणार, हे नियम. तिथं कुणाची मर्जी चालत नाही. नाव बदललं की लोक दोन्हीला 'शास्त्रज्ञांचा चावटपणा' म्हणतात, पण कारण वेगवेगळं असतं.

अटलांटाकर

मूळचा राजारामपुरीचा, आता इथं जॉर्जियात. हिमचाफ्याचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. इथं तो रस्त्यारस्त्यावर आहे. पानाच्या पाठीला तांबूस लव, फूल वीत-दीड वीत आणि त्याला लिंबासारखा वास. मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा हे नाव लिनियसनं १७५९ मध्ये दिलं ते आजतागायत हललेलं नाही. तेव्हा सगळीच नावं दर दहा वर्षांनी बदलतात असं नाही, शंकासुर.

पण नियमानं लोकांना कसं नाचवलं त्याचाही किस्सा याच घराण्यातला आहे. चीनमधून आलेले दोन प्रसिद्ध मॅग्नोलिया: पांढरा 'डेन्युडाटा' आणि जांभळा 'लिलिफ्लोरा'. ही नावं १७९२ ची. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की बुकोझ नावाच्या फ्रेंच गृहस्थानं १७७९ मध्येच दोन नावं दिली आहेत, 'हेप्टापेटा' आणि 'क्विंक्वेपेटा', म्हणजे सात पाकळ्यांचा आणि पाच पाकळ्यांचा. जुनं नाव जिंकतं, म्हणून विसाव्या शतकात काही पुस्तकांनी ती लावलीही. घोळ असा, की बुकोझनं झाड बघितलेलंच नव्हतं. त्यानं चिनी चित्रं बघून नावं ठेवली होती आणि चित्रकारानं पाकळ्या शोभेला येतील तशा काढल्या होत्या. त्या चित्रांशी खरं झाड जुळत नाही, हे १९८७ मध्ये मेयर आणि मॅक्लिंटॉक यांनी मांडलं आणि १७९२ ची नावं परत आली. मधल्या काळात ज्यांनी पाट्या केल्या त्यांचे पत्रे फुकट!

करवीरकर_७२

तुम्ही सगळे शिकलेले लोक आहात, पण मला कळत नाही की आपल्या चंपकाला फ्रेंच आणि इटालियन माणसांची नावं कशासाठी? 'चंपक' लिहा, खाली 'सोनचाफा' लिहा. संस्कृत काव्यात हजारो वर्षं आहे ते.

वर्गिका

काका, चंपक तर नावात आहेच. मायकेलिया गेलं, मॅग्नोलिया आलं, पण 'चंपाका' जागचं हललं का? प्रजाती बदलली तरी जातीचं नाव सोबत न्यायचं असा नियम आहे, त्यामुळं आपला शब्द दोन्हीकडं टिकला.

तो लॅटिनात गेला तोही सरळ आपल्या किनाऱ्यावरून. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडनं कोचीनला 'हॉर्टस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ करून घेतला, १६७८ ते १६९३, बारा खंड. त्यात 'चंपकम्' आहे आणि लिनियसनं त्याचा आधार घेतलाय. त्या ग्रंथासाठी माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते आणि रंगभट, विनायक पंडित, आपुभट हे तीन कोकणी वैद्यही. त्या तिघांचं कोकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलंय. युरोपात छापलेल्या पुस्तकात १६७८ साली नागरी अक्षरं!

मंगळवारची_मीरा

सगळा धागा वाचला. वाचनखूण साठवली. वर्गिकाताई, देवचाफ्याला 'परका' म्हणून लगेच हाकलून दिलंत, पण त्याचा धागा इथं जुळतो असं कुठंसं वाचलंय. प्लुमेरिया हे नाव ज्याच्यावरून, त्यानंच मॅग्नोलिया नाव काढलं ना?

वर्गिका

मीरा, अगदी बरोबर, आणि हे माझ्याकडून राहूनच जात होतं. शार्ल प्लुमिए हा फ्रेंच पाद्री. वेस्ट इंडीजच्या फेऱ्या करून त्यानं झाडं गोळा केली आणि १७०३ मध्ये मार्टिनिक बेटावरच्या एका झाडाला मॅग्नोलचं नाव दिलं. बिगोनिया, फुक्सिया, लोबेलिया हीही त्याचीच. पुढं त्याच्या नावानं प्लुमेरिया आलं, म्हणजे आपला देवचाफा. नाव देणारा आणि त्यानं नाव दिलेलं, दोघंही मराठीत चाफेच झाले. फाटकावरची पाटी करताना हे खाली लिहिता आलं तर शाळेतली मुलं थांबून वाचतील.

बाकी चाफा नाव लावणाऱ्यांत हिरवा चाफा (आर्टाबॉट्रिस) सीताफळाच्या कुळातला. ते कुळ मॅग्नोलियाच्याच गणात (कुळाच्या वरची पायरी) येतं, म्हणून लांबचा का होईना नातलग. नागचाफा आणि भुईचाफा यांचा काही संबंध नाही, भुईचाफा तर हळदीकडचा.

सह्याद्री_पायी

अवांतर होईल, पण नावबदलाचं जवळचं उदाहरण हवं असेल तर कंदीलपुष्पं बघा. सेरोपेजिया. कोल्हापूरकरांना त्यांचं वेगळं प्रेम आहे, शिवाजी विद्यापीठात या गटावर आयुष्यं गेली आहेत. २०१७ मध्ये ब्रुइन्स आणि सहकाऱ्यांनी ब्रॅकिस्टेल्माच काय, स्टॅपेलियाचा अख्खा गट सेरोपेजियात घातला. ज्यांनी कुंडीत स्टॅपेलिया लावलाय त्यांच्याकडं आता सेरोपेजिया आहे! तिथंही तोच वाद चाललाय: एकच मोठी ठेवा किंवा पुष्कळ छोट्या करा. आणि आमच्यासारखे डोंगर तुडवणारे दोन्ही नावं पाठ करत बसतात.

नर्सरीवाला_बावडा

कळंबेकर, तो 'पांढरा सोनचाफा' नीट बघून घ्या. दोन प्रकार असतात. बियांपासून केलेल्या सोनचाफ्यात एखादं झाड फिकट, मलईच्या रंगाचं निघतं. तो सोनचाफाच. दुसरा खरा पांढरा, पाकळ्या अरुंद आणि लांबट, वास जरा सौम्य. त्याला बी धरत नाही म्हटलं तरी चालेल, कलमावरच चालतो. आम्ही सोनचाफ्याच्या खुंटावर बांधतो.

वर्गिका

दुसरा असेल तर तो मॅग्नोलिया अल्बा, मधे गुणिलेचं चिन्ह घालून लिहितात कारण तो संकर आहे: सोनचाफा आणि मॅग्नोलिया मोंटाना यांचा. ओळखायला फुलाची वाट बघायला नको. पानाचा देठ उताणा करा. उपपर्ण देठालाही चिकटलेलं असतं, त्याचा वण देठाच्या वरच्या बाजूला राहतो. सोनचाफ्यात हा वण सहसा देठाच्या निम्म्याहून लांब जातो. अल्बात निम्म्याच्या आतच संपतो. पाच-सहा पानं बघा, एकावर विसंबू नका.

कळंबेकर (धागाकर्ते)

बघून आलो. मुलीनं फूटपट्टी लावून मोजलं. वण देठाच्या तिसऱ्या हिश्शापाशी संपतोय आणि शेजारच्या सोनचाफ्यात पार वरपर्यंत गेलाय. म्हणजे अल्बा. माळी दहा वर्षं त्याच्या बिया शोधत होता, त्याला सांगितल्यावर म्हणाला, "मग आधी का नाही सांगितलं?"

पाट्यांचा मजकूर कमिटीनं असा पास केला: वर ठळक 'सोनचाफा', खाली 'मॅग्नोलिया चंपाका', त्याखाली बारीक 'जुन्या पुस्तकांत: मायकेलिया चंपाका'. सरांची 'जुन्या' शब्दाला हरकत होती, ते म्हणाले 'काही ग्रंथांत' लिहा. लिहिलं. वर्गिकाताई, मुलीनं क्यूच्या संकेतस्थळावरून काढलेल्या नावापुढं 'कंसात एल, बेयाँ, एक्स, पिएर' असं शेपूट आहे. तेही लिहायचं का? पेंटर अक्षरावर पैसे घेतो.

वर्गिका

बागेच्या पाटीवर गरज नाही. पेंटरचे पैसे वाचवा. पण त्या शेपटात मी परवा लिहिलेली सगळी हकिकत आहे. कंसातला एल म्हणजे लिनियस: 'चंपाका' हे नाव पहिल्यांदा यानं दिलं, पण दुसऱ्या प्रजातीत, म्हणून कंस. बेयाँ म्हणजे मॅग्नोलियात न्यायची कल्पना याची. 'एक्स पिएर' म्हणजे प्रत्यक्ष छापलं पिएरनं. निलगिरीच्या शोलांतला (डोंगरघळींतल्या जंगलांतला) जो रानचाफा आहे, मॅग्नोलिया निलगिरिका, त्याच्या शेपटात झेंकर कंसात आणि फिगलर बाहेर दिसेल. तो २००० साली मायकेलियातून आला.

आता कवठी चाफ्याचं नाव काय ठरवलंत?

कळंबेकर (धागाकर्ते)

तिथं नवीन रामायण. रोप आणलं तेव्हाच्या चिठ्ठीवर 'टालौमा प्युमिला', सरांच्या पुस्तकात 'मॅग्नोलिया प्युमिला', ॲप म्हणतं 'मॅग्नोलिया कोको'. झाड माणसाएवढं आहे, पानं तुकतुकीत आणि शिरांची जाळी उठून दिसणारी. फूल खाली मान घालून, गोल, अंड्याएवढं. अंधार पडला की उघडतं, सकाळी पाकळ्या खाली. वास पिकलेल्या कवठाचा.

वर्गिका

कोको लिहा, आणि इथं कंसात दुसरं नाव घालायची गरज नाही, कारण हा मताचा प्रश्न नाही. लुरेरो या पोर्तुगीज पाद्र्यानं १७९० मध्ये या झाडाला 'कोको' म्हटलं, तेव्हा त्यानं ते लिरिओडेंड्रॉनमध्ये टाकलं होतं. १८०२ मध्ये इंग्लंडात अँड्र्यूजनं त्याच झाडाला 'प्युमिला' म्हटलं. झाड एक, नावं दोन, १७९० आधीचं, संपलं. शंकासुर, हे तुमचं दोन अधिक दोन.

टालौमा ही प्रजातीच मॅग्नोलियात विरघळली, तेव्हा चिठ्ठी बाद. काही याद्यांत कवठी चाफ्याला 'लिलिफेरा' असंही लिहिलेलं सापडतं. ती वेगळी जात. आणि अटलांटाकरांच्या जांभळ्या 'लिलिफ्लोरा'शी तिची गल्लत करू नका, एका अक्षराचा फरक आणि झाडं दोन देशांची.

शंकासुर

मान्य. कोको पक्कं. सोनचाफ्याबद्दल माझं मत राखून ठेवतो, कारण मत चालतं असं ताईच म्हणाल्यात. मी मायकेलिया म्हणणार.

परसदार

उशिरा आले धाग्यावर. कळंबेकर, नावाचं मिटलं असेल तर एक विचारू? माझ्या सासूबाईंच्या दारात कवठी चाफा होता, रस्तारुंदीत गेला. नर्सऱ्यांत विचारते तर कवठी म्हणून भलतंच काहीतरी हातात देतात. तुमच्या झाडाची फांदी मिळेल का? लावू कशी, नुसती खोचून येते का?

नर्सरीवाला_बावडा

ताई, नुसती फांदी खोचून येत नाही, बहुतेक वाळते. गुटी बांधा. पाऊस लागला की जून-जुलैत. पेन्सिलीएवढी जाड, सरळ फांदी निवडा. डोळ्याच्या जरा खाली इंचभर साल गोल काढा आणि आतला बुळबुळीत थर सुरीच्या पाठीनं खरवडून टाका, तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं फुटत नाहीत. त्यावर भिजवून पिळलेलं मॉस मूठभर, वरून प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट. आत पाणी शिरता कामा नये. दीड-दोन महिन्यांनी प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतील. ती तपकिरी व्हायला लागली की खालून कापा, निम्मी पानं छाटा आणि कुंडी सावलीत ठेवा. लगेच उन्हात काढली की गेली.

कळंबेकर (धागाकर्ते)

परसदार ताई, या की. झाड झुडपासारखं पसरलंय, तीन-चार गुट्या आरामात बसतील. येताना मॉस आणा, कॉलनीत सुतळी आहे.

पेठेतला_गडी

चार बांधणार असशील तर एक माझी. पाटीसकट पायजे, 'मॅग्नोलिया कोको' लिहून. पेंटरचे पैसे मी देतो.